लाल शाईतला छोटा 'एच'

तुमच्या कॉलेजात अशी एक मुलगी नक्की असणार. तिच्या सॅकमध्ये वह्या कमी आणि कार्डशीट, लेसचे तुकडे, दोन-चार रबरी ठसे, शाईचा पॅड हेच जास्त. कुणाचा वाढदिवस जवळ आला की सगळे तिलाच गाठतात. मग कुणीतरी म्हणतं, अगं, तू ही कार्डं विकत का नाहीस? ती इन्स्टावर पेज उघडते. दोन ऑर्डरी येतात, पाच येतात, मजा वाटते. आणि एक दिवस कुणीतरी एकदम दोनशे कार्डं मागतं. हात दोनच, आठवडा सात दिवसांचाच. आता काय करायचं? सरळ नाही म्हणायचं? प्रेसमध्ये टाकून छापून आणायची? की आणखी काही?

नेमका हाच पेच पावणेदोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका मुलीसमोर उभा राहिला होता. तेव्हा ती जेमतेम विशीतली होती. तिनं 'नाही' म्हटलं नाही आणि छापखानाही गाठला नाही. तिसरीच वाट काढली. तिचं नाव एस्थर हाउलंड. अमेरिकेत तिला व्हॅलेंटाइन कार्डांची आई म्हणून ओळखतात. तिनं स्वतः मात्र आपल्या कार्डावर पूर्ण नावही घातलं नव्हतं. मागच्या बाजूला लाल शाईत एक बारीकसा इंग्रजी 'एच', बस्स.

दुकानदाराची लेक

एस्थरचा जन्म १७ ऑगस्ट १८२८ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर गावचा. वडील साउथवर्थ हाउलंड यांचं गावात पुस्तकांचं आणि स्टेशनरीचं मोठं दुकान. म्हणजे बघा, कागद, दौत, लेखण्या, लिफाफे, लाख या सगळ्यात ती वाढली. तिच्या आईचं नावही एस्थरच, आणि आईही काही कमी नव्हती. काटकसरीनं घर कसं चालवावं, स्वयंपाक कसा करावा यावर तिनं एक पुस्तक लिहिलं होतं. न्यू इंग्लंड भागात ते चांगलं खपलं. घरातली बाई पुस्तक लिहिते, बाप ते दुकानात विकतो, असं ते घर होतं.

त्यात वुस्टर गावही झपाट्यानं बदलत होतं. १८३५ मध्ये बॉस्टनपासून वुस्टरपर्यंत रेल्वे आली होती. कारखाने उभे राहत होते. पुढे १८५३ मध्ये याच गावातल्या रसेल हॉज नावाच्या माणसानं लिफाफ्यांच्या घड्या घालणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि वुस्टर लिफाफ्यांचं गाव म्हणून नावारूपाला आलं. कागदाचा धंदा या गावच्या हवेतच होता म्हणा ना.

जिथं व्हॅलेंटाइनला बंदी होती

एस्थर शिकायला गेली ती माउंट होल्योक फीमेल सेमिनरीत. मेरी लायन या बाईंनी १८३७ मध्ये साउथ हॅडली इथं मुलींसाठी ही संस्था काढली होती. मुलींनी शिवण, चित्रकला आणि पियानो एवढ्यावर थांबावं, असं ज्या काळात सगळ्यांना वाटायचं, त्या काळात इथं मुली गणित आणि शास्त्र शिकत होत्या.

या संस्थेची एक पद्धत मोठी मजेशीर होती. खर्च कमी राहावा म्हणून घरकामाला नोकर ठेवलेच नव्हते. कामं मुलींमध्ये वाटलेली असायची. एका गटाकडे पाव, दुसरीकडे ताटं, तिसरीकडे झाडलोट. प्रत्येकीनं आपलं ठरलेलं काम वेळेवर उरकायचं, की शेकडो माणसांचं घर बिनबोभाट चालायचं. ही गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

एस्थर १८४७ मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडली. त्याच वर्षी शरद ऋतूत तिथं आणखी एक मुलगी दाखल झाली, एमिली डिकिन्सन. हो, तीच, पुढची मोठी कवयित्री. दोघी एका वर्गात होत्या असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं सापडतं, पण एक बाहेर पडली तेव्हा दुसरी आत येत होती. एमिलीनं फेब्रुवारी १८४८ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात एक गंमत सांगितली आहे. मेरी लायनबाईंनी सभागृहात उभं राहून मुलींना व्हॅलेंटाइन पाठवायला बंदी घातली. त्यांच्या मते तो निव्वळ पोरकटपणा. पण जुन्या मुली पक्क्या होत्या. बाईंचा स्वभाव त्यांना ठाऊक होता. हुकूम सुटायच्या आधीच त्यांनी चिठ्ठ्या पोस्टात पोचवण्याची व्यवस्था करून ठेवली होती आणि दीडशेच्या आसपास व्हॅलेंटाइन रवाना झालेसुद्धा!

बंदी घालूनही दीडशे चिठ्ठ्या जातात, याचा अर्थ काय? मागणी होती. जबरदस्त होती. फक्त चांगला माल नव्हता.

इंग्लंडहून आलेलं एक कार्ड

तेव्हा अमेरिकेत व्हॅलेंटाइन म्हणजे दोन प्रकार. एक तर साध्या कागदावर स्वतः लिहायचं, जमेल तशी वेलबुट्टी काढायची. नाहीतर बाजारात मिळणारी स्वस्त छापील चित्रं घ्यायची. त्यातली बरीचशी टिंगलटवाळीची असायची. कुणाच्या नाकावरून, कुणाच्या लग्न न होण्यावरून. खरोखर देखणी कार्डं यायची ती इंग्लंडहून, आणि त्यांची किंमत ऐकून खिसा आवळायला लागायचा.

इंग्रजांनी एक कला साधली होती. कागद उठावाच्या साच्यावर दाबायचा, म्हणजे नक्षी वर येते. मग तो वर आलेला भाग हळूच घासून काढायचा. जे उरतं ती कागदाची जाळी, अगदी विणलेल्या लेससारखी. केकखाली तो पांढरा जाळीचा कागद असतो ना, त्याचाच हा पूर्वज समजा.

वडिलांच्या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून एस्थरला असं एक इंग्रजी व्हॅलेंटाइन आलं. कडेनं जाळी, मध्ये फुलं, फुलांच्या मध्ये छोटीशी चिठ्ठी. दुसरी एखादी असती तर तिनं ते पुस्तकात जपून ठेवलं असतं. दुकानदाराच्या लेकीनं ते बारकाईनं पाहिलं. कुठला तुकडा कुठे चिकटवलाय, कशावर काय बसवलंय, हे तपासलं. आणि तिला वाटलं, हे आपल्याला जमेल. याहून चांगलंही जमेल.

तिनं वडिलांना गळ घातली. त्यांनी इंग्लंडहून आणि न्यूयॉर्कहून जाळीचे कागद, रंगीत कागद, छापील फुलं असं सामान मागवून दिलं. एस्थरनं बसून डझनभर नमुने तयार केले.

दोनशेची आशा, पाच हजारांची ऑर्डर

तिचा भाऊ घरच्या दुकानाचा माल घेऊन फिरतीवर जायचा. त्याच्या पेटीत तिनं आपले नमुने टाकले. मनात धरलं होतं, दोनशे डॉलरची ऑर्डर आली तरी पुष्कळ.

भाऊ परतला तो पाच हजार डॉलरहून जास्त ऑर्डरी घेऊन.

जरा थांबा आणि तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आपल्याला हा आकडा वाचून टाळी वाजवावीशी वाटते. पण तिच्या दृष्टीनं हे संकटसुद्धा होतं. हातात आहेत फक्त डझनभर नमुने. माल समुद्रापलीकडून येणार. व्हॅलेंटाइन डे काही पुढे ढकलता येत नाही. १५ फेब्रुवारीला पोचलेल्या कार्डाची किंमत शून्य. ऑर्डर पुरी झाली नाही तर नाव जाणार, आणि ते नुसतं तिचं नाही, बापाच्या दुकानाचं आणि भावाच्या शब्दाचंही.

आणखी एक गोष्ट. शिकलेल्या मुलीसमोर तेव्हा रस्ते दोन. मास्तरीण व्हायचं, नाहीतर लग्न करायचं. लग्न झालेल्या बाईची कमाई कायद्यानं नवऱ्याची धरली जायची. मॅसॅच्युसेट्समध्ये ते बदलायला १८५५ साल उजाडावं लागलं. एस्थरनं लग्न केलंच नाही. का केलं नाही हा तिचा खासगी मामला. पण त्यामुळे एक झालं, तिनं उभा केलेला धंदा कागदोपत्री तिचाच राहिला.

टेबलाभोवतीची साखळी

वुस्टरच्या समर स्ट्रीटवर हाउलंड कुटुंबाचं घर होतं. तिसऱ्या मजल्यावर एक खोली मोकळी केली, लांब टेबल मांडलं आणि एस्थरनं मैत्रिणींना हाक मारली.

इथं तिनं जे केलं त्यासाठी तिला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत. प्रत्येकीनं एकेक अख्खं कार्ड करायचं, असं तिनं ठरवलं नाही. काम फोडलं. पहिली मुलगी नुसती फुलं आणि चित्रं कापणार. दुसरी पायाचा कागद तयार करणार. तिसरी त्यावर जाळी बसवणार. चौथी चित्र चिकटवणार. कार्ड टेबलाभोवती फिरत फिरत शेवटी पुरं होऊन बाहेर पडायचं. समोर एस्थरनं केलेलं नमुना कार्ड ठेवलेलं, त्याबरहुकूम सगळं. शेवटची नजर तिची. वाकडं चिकटलेलं, गोंद बाहेर आलेलं काही दिसलं तर ते पुढे जायचं नाही.

हेन्री फोर्डच्या मोटारींची फिरती साखळी १९१३ ची. एस्थरचं टेबल त्याच्या साठेक वर्षं आधीचं. काम तुकड्यांत वाटायची युक्ती तिनं शोधली असं नाही, ती कारखान्यांत होतीच. पण नाजूक, देखण्या हस्तकलेला ती लावायची आणि तरी हस्तकला जिवंत ठेवायची, हे सोपं नव्हतं. माउंट होल्योकमधली ती वाटून घेतलेली कामं आठवली का? मुलींची फौज, प्रत्येकीला एक काम, सगळं वेळेत. मला तरी या दोन टेबलांत साम्य दिसतं.

धंदा वाढला तशी खोली पुरेना. मग तिनं आणखी एक व्यवस्था केली. ज्या बायकांना घर सोडून येता येत नव्हतं, त्यांच्याकडे ती खोकी पाठवू लागली. खोक्यात नमुना कार्ड आणि तितकी कार्डं करायला लागणारं सगळं सामान मोजून. आठवड्यानं गाडीवाला जायचा, तयार माल गोळा करून आणायचा, आणि एस्थर तो तपासायची. घरबसल्या हातात पैसा येणं ही त्या बायकांसाठी लहान गोष्ट नव्हती. शिवाय हे काम हलकं, स्वच्छ, आणि मजुरीही बरी मानली जायची. कापड गिरणीतल्या कानठळ्या बसवणाऱ्या मागांपुढे उभं राहण्यापेक्षा तर नक्कीच.

५ फेब्रुवारी १८५० ला वुस्टरच्या 'डेली स्पाय' या वर्तमानपत्रात तिच्या व्हॅलेंटाइनची पहिली जाहिरात आली.

वेळही अगदी जुळून आली होती. अमेरिकेत १८४५ मध्ये टपालाचे दर उतरले. तीनशे मैलांपर्यंतचं पत्र पाच सेंटमध्ये जाऊ लागलं. १८४७ मध्ये पहिली टपाल तिकिटं निघाली. १८५१ मध्ये आगाऊ पैसे भरले तर दर तीन सेंटवर आला. पूर्वी पुष्कळदा पत्र घेणाराच पैसे भरायचा. आता प्रेमाची चिठ्ठी पाठवून तिचं बिल समोरच्याच्या गळ्यात मारायची पाळी येईना!

कार्ड उघडून बघू या

एस्थरची कार्डं आज संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. तिच्याच गावातल्या अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटीकडे जुन्या व्हॅलेंटाइनचा मोठा साठा आहे. तिचं कार्ड ओळखायचं कसं? त्यात थर असतात.

सर्वांत खाली उठावाची नक्षी असलेला पायाचा कागद. त्यावर जाळी. पण पांढऱ्यावर पांढरी जाळी दिसणार कशी? म्हणून ती जाळीखाली चमकदार रंगीत कागदाचा छोटा तुकडा सरकवायची, लाल, निळा, हिरवा. आपल्या घोटीव कागदासारखा. झालं, जाळीचं भोक अन् भोक उठून दिसायचं. ही युक्ती तिच्याच नावावर सांगतात.

दुसरी युक्ती त्याहून भारी. वरची जाळी थेट चिकटवायचीच नाही. मध्ये कागदाच्या पट्टीच्या घड्या घालून केलेल्या छोट्या स्प्रिंगा लावायच्या. त्यामुळे वरचा थर उचलला जातो, मध्ये पोकळी राहते, आणि सपाट कार्डाला खोली येते. आतली फुलं जणू खिडकीआड ठेवल्यासारखी दिसतात. आज आपण थ्री-डी कार्ड म्हणून दुप्पट पैसे मोजतो, त्यामागे हीच कल्पना.

तिसरी गोष्ट, मजकूर. वर फार तर दोन-चार शब्द. मुख्य कविता आत, छोट्या कागदावर छापून चिकटवलेली. मनातलं आत ठेवायचं, उघडणाऱ्यालाच ते कळावं.

आणि मागच्या बाजूला तो लाल 'एच'. कधी त्याच्या जोडीला किंमत. धंदा चालला की नकला होतातच. आजूबाजूला कितीतरी लोक तशीच कार्डं करू लागले. तेव्हा अस्सल कुठलं हे सांगणारी खूण म्हणजे हा ठसा. पन्नास हातांमधून फिरलेल्या वस्तूवर एका माणसानं घेतलेली जबाबदारी, असंही म्हणता येईल. हे मी पाहिलंय, हे माझं आहे.

आता तुमची पाळी

ठशांची गोष्ट निघालीच आहे तर थोडं विषयांतर. रबर मुळात उन्हाळ्यात चिकट होणारा आणि थंडीत तडकणारा पदार्थ. त्याला गंधक आणि उष्णता देऊन टिकाऊ करायची रीत चार्ल्स गुडइयरला सापडली ती १८३९ मध्ये, एस्थरच्याच मॅसॅच्युसेट्समधल्या वुबर्न गावात. १८४४ मध्ये त्याला पेटंट मिळालं, पण १८६० मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. त्याच्या रबरापासून पुढे दातांच्या कवळ्या बनू लागल्या. १८६० च्या दशकात कुणाच्या तरी लक्षात आलं की कवळीच्या त्याच छोट्या भट्टीत अक्षरांचे ठसेही ओतता येतात. रबरी शिक्क्याचा जन्म हा असा, दातांच्या डॉक्टरच्या शेजारी!

तर एस्थरच्या रीतीचं एक कार्ड आज घरी करायचं असेल तर फार काही लागत नाही. एक कार्डशीट मधोमध दुमडा. वर केकखालच्या जाळीच्या कागदातून कापलेला तुकडा ठेवा आणि चिकटवण्याआधी खाली घोटीव कागदाचा गडद तुकडा सरकवा. कागदाची बोटभर लांब, अरुंद पट्टी घेऊन पंख्यासारख्या चार घड्या घाला. अशा चार स्प्रिंगा चार कोपऱ्यांत लावून वरची जाळी त्यांवर बसवा. गोंद अगदी टिपकाभर. जास्त झाला की जाळी ओली होऊन फाटते.

मधल्या चित्रासाठी ठसा वापरा. विकतचा नसेल तर साधं खोडरबर घ्या आणि त्यावर पान, फूल, पक्षी कोरा. शाळेत भेंडी आणि बटाट्याचे ठसे केले होते ना, तेच, फक्त जास्त टिकणारं. ठसा पॅडवर रगडू नका, हलकेच टेकवा. कागदावर सरळ दाबा आणि सरळ उचला, हलवला की कडा दुहेरी उमटणार. एक रंग झाला की ओल्या फडक्यानं पुसा, मगच दुसरा. अक्षर कोरणार असाल तर ते उलटं कोरायचं, हे विसरलात तर पहिला ठसा वायाच गेला म्हणून समजा. एस्थरचं नशीब बघा, इंग्रजी 'एच' आरशात धरला तरी तसाच दिसतो!

भरात असताना हात सोडला

एस्थरचं पुढचं आयुष्य सगळं गुलाबी नव्हतं. १८६६ मध्ये तिच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. बराच काळ तिला चाकाच्या खुर्चीत काढावा लागला. तरी ती खुर्चीतून धंदा सांभाळत राहिली. नमुने करणं, माल तपासणं, ऑर्डरी बघणं, यातलं काही थांबलं नाही. तिचा धंदा वर्षाला एक लाख डॉलरच्या घरात गेला होता असं सांगतात. त्या काळात, एका बाईनं, कागद आणि गोंदाच्या जोरावर.

१८७० च्या दशकात हा धंदा न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी या नावानं चालू लागला आणि कार्डांच्या मागे कंपनीची आद्याक्षरं आली. १८७९ मध्ये तिनं आणखी एक शक्कल काढली. अनेक गिऱ्हाइकांची तक्रार असायची की कार्ड झकास, पण आतली कविता काही पटत नाही. कुणाला ती फार लाडिक वाटे, कुणाला फार कोरडी. एस्थरनं कवितांची पुस्तिकाच छापली. ३१ पानं, १३१ कविता, वेगवेगळ्या आकारांत आणि रंगांत. आवडेल ती कापा, मूळ कवितेवर चिकटवा. आज आपण ज्याला कस्टमायझेशन म्हणतो ते हेच की.

आणि मग, सगळं नीट चाललेलं असताना, १८८० च्या सुमारास तिनं कंपनी विकून टाकली. वडील आजारी होते, त्यांचं करायला घरात कुणीतरी हवं होतं. घेणारे होते जॉर्ज व्हिटनी, वुस्टरचेच, याच धंद्यातले.

इथं आपल्याला चुटपुट लागते. तीस वर्षं उभं केलेलं साम्राज्य असं सोडायचं? भावानं का नाही बघितलं वडिलांकडे? तुम्हाला राग येत असेल तर तो रास्त आहे. आजही घरात कुणी आजारी पडलं की नोकरी कुणाची सुटते, हे आपल्याला आजूबाजूला दिसतंच. एस्थरनं तो निर्णय खुशीनं घेतला की नाइलाजानं, हे तिचं तिलाच माहीत. एवढं खरं की आईबापांच्या दुकानातल्या सामानावर तिनं धंदा सुरू केला होता आणि बापाच्या उशाशी बसायला तो सोडला.

व्हिटनींनी पुढे वेगळा रस्ता धरला. जाळीचा कागद परदेशातून आणण्याऐवजी स्वतःची यंत्रं घेतली, कागद इथंच उठवला, कार्डं अधिकाधिक यंत्रावर गेली. स्वस्त झाली, लाखो लोकांपर्यंत पोचली. यातही वाईट काही नव्हतं. ज्याच्या खिशात चार पैसे, त्यालाही प्रेम व्यक्त करायचं असतंच. त्यांची कंपनी १९४२ पर्यंत चालली. महायुद्धात कागदाचा तुटवडा झाला आणि ती बंद पडली.

एस्थर १५ मार्च १९०४ ला मॅसॅच्युसेट्समधल्याच क्विन्सी इथं वारली. तोपर्यंत बाजारात यंत्रावरच्या रंगीत कार्डांचा पूर आला होता. तिचं नाव हळूहळू मागे पडलं. मग जुनी व्हॅलेंटाइन जमवणाऱ्या लोकांनी कार्डं उलटी करून तो लाल 'एच' शोधायला सुरुवात केली आणि त्या एका अक्षरावरून ती पुन्हा सापडली. अमेरिकेतली ग्रीटिंग कार्ड असोसिएशन २००१ पासून तिच्या नावानं पुरस्कार देते.

तर त्या दोनशे कार्डांच्या ऑर्डरवाल्या मैत्रिणीला ही गोष्ट जरूर सांगा. तिसरी वाट असते. चार मैत्रिणी बोलवा, टेबल लांब करा, कापणारी वेगळी, ठसा मारणारी वेगळी, चिकटवणारी वेगळी. त्यांना कामाचे नीट पैसे द्या, नुसत्या चहा-वडापाववर भागवू नका. नमुना एक ठेवा, शेवटची नजर स्वतःची ठेवा. वाकडं झालेलं कार्ड बाजूला काढायला लाजू नका. आणि तुम्ही स्वतः एकच कार्ड करणार असाल, संक्रांतीचं असो, आजीच्या वाढदिवसाचं असो, की आणखी कुणासाठी (आम्ही विचारत नाही!), तर खोडरबराचा एक कोपरा राखून ठेवा. त्यावर आपलं एक अक्षर कोरा. उलटं कोरायचं, बरं का.